थंड काय घेणार?

नमस्कार श्रोतेहो.

उन्हं तापली की पणजी, म्हापसा, मडगावच्या गाड्यांवर लिंबू सोड्याला गर्दी होते. गाडेवाला एवढंच विचारतो, "गोड की खारा?" तोच फसफसता पेला घरी पाहुण्यापुढे ठेवायचा असला, की आपण सोड्याचं नाव घेत नाही. सोप्यावर बसलेल्या माणसाला विचारतो, "थंड काय घेणार?" शेजारच्या कोंकणी घरात "थंड कितें जाय?" असं विचारतात. मुलं दुकानात जाऊन 'कोल्ड्रिंक' मागतात. या नावांविषयी आज बोलायचं आहे, कारण त्यातली बरीचशी आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत चालली आहेत.

पाण्यात वायू मिसळण्याची युक्ती जोसेफ प्रीस्टली यांनी 1767 साली इंग्लंडमध्ये शोधली. खरी अडचण होती ती वायू बाटलीत कोंडून ठेवण्याची. बूच वाळलं की वायू निसटायचा. 1872 च्या सुमारास हायरम कॉड या इंग्रजानं बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी बसवली. बाटली उलटी धरून भरायची. आतला दाब गोटीला तोंडाजवळच्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. अंगठ्यानं किंवा लाकडी दट्ट्यानं गोटी आत ढकलली, की सोडा मोकळा. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्यात खाच असते, तिथं ती अडकते. किती साधी आणि किती पक्की योजना! त्या गोटीसाठी मुलांनी किती बाटल्या फोडल्या असतील, देव जाणे.

लोकांनी नाव ठेवलं ते बहुधा या गोटीवरूनच. आपण गोटी सोडा म्हणतो, तमिळनाडूत गोली सोडा. दिल्लीत तो 'बंटा', कारण पंजाबीत बंटा म्हणजे गोटी. पोर्तुगालमध्ये अशा बाटलीतल्या गोड सोड्याला 'पिरोलितो' म्हणत. तमिळनाडूत रंगीत गोड सोड्याला नुसतं 'कलर' म्हणायची रीत होती, आणि मला ते नाव फार आवडतं. दुकानात येऊन "एक कलर द्या" म्हणणाऱ्या माणसाला काय हवंय, हे पाहताक्षणी कळतं.

इतकी वेगवेगळी नावं का झाली? माझ्या मते याचं उत्तर बाटलीच्या वजनात आहे. काच जड, शिवाय रिकामी बाटली कारखान्यात परत यायलाच हवी. म्हणून सोडा फार लांब जात नसे. गावोगावी छोटे कारखाने होते आणि गाडी जाऊन परत येईल तेवढाच त्यांचा मुलूख. त्या मुलखात जे नाव रुळलं, ते तिथंच राहिलं.

अमेरिकेत अजूनही असंच आहे. ईशान्येकडे 'सोडा' म्हणतात, मध्य-पश्चिमेत 'पॉप'. दक्षिणेत कुठल्याही फसफसत्या पेयाला 'कोक' म्हणतात. कोका-कोला 1886 मध्ये अटलांटात जन्मला, ते शहर दक्षिणेतच आहे. बोस्टनची जुनी माणसं 'टॉनिक' म्हणत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत 'जिंजर' म्हणतात, मग त्यात आलं असो वा नसो.

आपल्याकडे पत्र्याचं झाकण, पुढे प्लास्टिकची बाटली आणि ट्रक आले, तशी गाडीच्या मुलखाची हद्द पुसली गेली. 1977 मध्ये कोका-कोला भारतातून गेला, त्याच वर्षी थम्स अप आलं. 1993 मध्ये कोका-कोला परतला आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावंही त्याच कंपनीकडे गेली. मग जाहिरातींनी 'ठंडा' हा शब्दसुद्धा स्वतःच्या नावावर करायचा प्रयत्न केला. गोव्यात मात्र कंपनीचं नावही आपण आपल्या रीतीनं वापरतो. काजूच्या दिवसांत हुर्राकात, म्हणजे काजूबोंडांच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. हा मेळ कुठल्याही जाहिरातीनं शिकवलेला नाही.

नव्या पेयांशी माझं भांडण नाही. पण फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, काणकोण या भागांत ज्यांनी सोड्याचे कारखाने पाहिले, तिथं काम केलं किंवा जत्रेत गोटी सोडा विकला, त्यांच्याजवळचे शब्द कुठंच लिहिलेले नाहीत. बाटल्या धुणाऱ्याला काय म्हणत? दट्ट्याला काय म्हणत? रंगीत सोडा गिऱ्हाईक कुठल्या नावानं मागत असे? अशी माणसं तुमच्या घरात असतील, तर आज जेवताना त्यांना हे विचारा. जे शब्द सांगतील ते त्यांच्याच उच्चारात, गावाच्या नावासह वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला पत्रानं कळवा. आलेली पत्रं आम्ही याच कार्यक्रमात वाचून दाखवू.

नमस्कार.