सीटवरची नोकरी आणि कमरेचा घेर

(एसटीचे चालक, वाहक आणि कार्यशाळेतले कर्मचारी यांच्यासमोर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दोन ड्युट्यांच्या मधला वेळ काढून तुम्ही इथे बसला आहात. काही जण तर रातराणी लावून थेट आलेत, त्यांचे डोळेच सांगतायत. तेव्हा प्रास्ताविक बाजूला ठेवतो.

पोट सुटलं की माणसाला जो तो एकच ऐकवतो, आळस सोड आणि पहाटे उठून पळायला जा. ज्याची गाडी पहाटे सव्वापाचला सुटते त्याने उठायचं कधी आणि पळायचं कधी? आठवड्याला शेड्यूल बदलतं, एक दिवस मुक्काम, दुसऱ्या दिवशी डबल ड्युटी. अशा माणसाला जिमची पावती फाडायला सांगणं म्हणजे त्याचा दिवस कसा जातो हे न बघताच सल्ला देणं. चालकाचं सुटलेलं पोट हा त्याच्या स्वभावाचा दोष आहे असं मी मानत नाही. त्यात त्याच्या कामाचा मोठा हात असतो. आणि बसून केलेल्या कामाचा हृदयावर काय परिणाम होतो हे दाखवून दिलं गेलं तेही बसवाल्यांवरच.

१ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी आपली पहिली एसटी धावली. त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर एका प्रश्नामागे लागले होते. हृदयविकाराचे झटके वाढत होते आणि कारण कळत नव्हतं. मॉरिस यांनी लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेतल्या सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. तिथल्या बस दुमजली. चालक अख्खी पाळी सीटवर, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना वरखाली करणारा. पाळीत पाचशे-सातशे पायऱ्या सहज होत. दोघंही एकाच खात्यातले, एकाच शहरात राहणारे. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. कंडक्टरांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य होत होता.

शास्त्रज्ञांनी शंका घेतली, आणि ती रास्त होती. चालक म्हणून भरती होणारी माणसंच मुळात जाड असतील तर? मॉरिस यांनी मग गणवेश पुरवणाऱ्या विभागाच्या नोंदी मागवल्या. विजारीच्या कमरेचं माप! प्रत्येक वयात, प्रत्येक उंचीला चालकाची विजार कंडक्टरच्या विजारीपेक्षा रुंद निघाली, अगदी तरुण चालकांचीसुद्धा. म्हणजे भरतीच्या वेळचा फरक होताच. पण त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि सडपातळ चालक सडपातळ कंडक्टरशी, जाड चालक जाड कंडक्टरशी ताडून पाहिला. तरीही अचानक मृत्यू चालकांतच जास्त. टपाल खात्यातही तेच दिसलं: दारोदार फिरणारा पोस्टमन आणि टेबलावरचा कारकून यांत हृदय बरं होतं ते पोस्टमनचं.

हे मी इतकं लांबण लावून सांगतोय, कारण यातला एक धागा तुम्ही घरी न्यावा असं मला मनापासून वाटतं. जाड असूनही जो हालचाल करत होता, तो जाड आणि बसून असलेल्या माणसापेक्षा सुरक्षित होता. तेव्हा चालायला लागल्यावर महिनाभर काट्यावर एक किलोही हलला नाही, तरी चालणं वाया गेलेलं नसतं. वजन उतरत नाही म्हणून चालणं सोडून देणारे पेशंट मी कायम बघतो आणि मला फार वाईट वाटतं. मॉरिस स्वतः आयुष्यभर व्यायाम करत राहिले आणि ९९ व्या वर्षी गेले.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखं, म्हणजे बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय हातापायांनी किरकोळ दिसतो, पण चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठवतो. म्हणूनच ‘मी कुठे जाड आहे डॉक्टर, नुसतं थोडं पोट आहे’ हे वाक्य ऐकलं की मी आधी टेप काढतो. त्या थोड्या पोटातूनच पुढे साखर आणि बीपी सुरू होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि त्याहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं.

तेव्हा वजनकाटा नसला तरी चालेल, टेप हवा. सरळ उभं राहायचं, पोट आत न ओढता श्वास सोडायचा आणि साधारण बेंबीच्या रेषेत माप घ्यायचं. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा आहे. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पँट आपण पोटाखाली बांधतो, आणि तो नंबर दहा वर्षं तसाच राहतो.

खाण्याकडे येतो, आणि त्यात सगळ्यात आधी चहाकडे. स्वारगेट-कोल्हापूर करणारे एक चालक माझ्याकडे येतात. वजन ८८ किलो, उपाशीपोटी साखर वाढलेली. म्हणाले, मी गोड खातच नाही. खरं होतं ते, पेढ्यालासुद्धा हात लावत नाहीत. मग आम्ही दोघांनी कागद घेऊन त्यांचा दिवस मांडला. निघताना स्वारगेटला एक चहा, साताऱ्याला एक, कराडला एक, कोल्हापुरात पोचल्यावर एक आणि गाडी सुटायच्या आधी आणखी एक. येताना पुन्हा तेवढेच. दहा झाले. टपरीचा चहा म्हणजे कपाला दोन चमचे साखर कुठे गेली नाही, म्हणजे १० ग्रॅम. दहा कपांची १०० ग्रॅम साखर, ४०० कॅलरी. दोन भाकऱ्यांची ऊर्जा त्यांच्या पोटात जात होती आणि जेवलो असं एकदाही वाटत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची वरची मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम धरते आणि २५ च्या आत राहिलात तर उत्तम म्हणते.

चहा बंद करा असं मी त्यांना म्हटलं नाही, आणि तुम्हालाही म्हणणार नाही. दुपारी तीनला घाटात डोळा लागू नये म्हणून घेतलेला चहा मी कोणत्या तोंडाने बंद करू? टपरीवर साखर आधीच पातेल्यात पडलेली असते, हेही मला माहीत आहे. पण थांबा आला की चहा, ही जी सवय आहे, ती मोडता येते. त्यांनी चार ठेवले, तेही कटिंग. बाकीच्या थांब्यांवर पाणी, नाहीतर मिळालं तर ताक. ओळखीच्या टपरीवाल्याला सांगून ठेवलं तर तो साखर घालायच्या आधी कपभर बाजूला काढून देतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर महिला वाहकांसाठी थोडं थांबतो. स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हे तुमच्यातल्या अनेकींचं रोजचं आहे. त्यातून लघवीचे संसर्ग होतात, डोकं दुखतं, थकवा येतो, आणि थकलेल्या माणसाकडून व्यायाम होत नाही. हा प्रश्न डॉक्टरच्या गोळीने सुटणारा नाही. संघटनेच्या बैठकीत पगाराच्या जोडीला हाही विषय लावून धरा, आणि पुरुषांनी तो आधी मांडावा असं माझं म्हणणं आहे.

जेवणात परकं काही आणू नका. ओट्स नकोत, महागडे डबे नकोत. ‘शेक प्या, महिन्यात दहा किलो उतरवा’ असं सांगत ओळखीचं कोणी आलं तर पैसे खिशातच ठेवा. आपलीच भाकरी, मटकीची उसळ, अख्खा मसूर, अंडी, दही, काकडी-कांदा. फक्त ताटातलं प्रमाण बदलायचं. आपल्या डब्यात चार चपात्या, बटाट्याची भाजी आणि वर भात असतो, म्हणजे पिठूळ पदार्थांवर पिठूळ पदार्थ. दोन चपात्या कमी करून उसळ दुप्पट केली की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि चार वाजता वडापावची आठवण होत नाही. तरीही भूक लागतेच, म्हणून खिशात फुटाणे ठेवा.

रात्रीचं जेवण मात्र नीट ऐका. लांब पल्ल्याची गाडी रात्री साडेअकराला ढाब्यावर थांबते. चालक-वाहकाला अनेक ठिकाणी जेवण फुकट, आणि मालक प्रेमाने वाढतो. पनीर, बटर रोटी, जिरा राइस. दिवसा पचवलेली साखर आणि मध्यरात्री पचवलेली साखर शरीराला सारखी नसते. तेच जेवण रात्री खाल्लं तर रक्तातली साखर जास्त चढते. शिवाय भरल्या पोटी पहाटे तीनला सीटवर झापड येते, आणि तुमच्या मागे चाळीस माणसं झोपलेली असतात. म्हणून रातराणीवाल्यांनी मुख्य जेवण निघण्याआधी सात-आठला घरीच उरकावं. ढाब्यावर एक वाटी डाळ, एखादी रोटी. मालकाला वाईट वाटेल, पण दोन-तीन फेऱ्यांत त्यालाही सवय होते.

आता चालणं. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. सहा ड्युट्यांत वाटली तर दिवसाला २५ मिनिटं होतात, आणि ती सलग हवीत असं कुठेच लिहिलेलं नाही. गाडी फलाटाला लावली, नोंद केली, सुटायला वीस मिनिटं आहेत. त्यातली दहा मिनिटं स्थानकाच्या आवारात झपाझप चाला. दुसऱ्या टोकाला पुन्हा दहा. विनावाहक गाडीवर असाल तर जास्तच चाला, कारण तुम्ही सलग बसून असता. कार्यशाळेतल्या मंडळींचा प्रश्न वेगळा आहे. तुमचे हात दिवसभर राबतात, पण पाय एकाच जागी असतात आणि कंबर वाकलेली. तुम्हालाही चालणं लागेलच.

आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्या. त्यासाठी आपल्याकडे दंड-बैठका आहेत, आणि तालमीच्या मुलखातल्या माणसांना त्या मी काय शिकवणार! ज्यांची तालीम सुटून वीस वर्षं झालीत त्यांनी मात्र जमिनीवर दंड मारायला जाऊ नये. भिंतीला हात टेकून सुरुवात करा. बैठकीऐवजी खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा, मग थोडं थांबून पुन्हा दहा. वजन उतरताना नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि माणूस बारीक पण अशक्त होतो. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर व्यायाम तिथेच थांबवून दवाखान्यात या. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन ड्युटीवर जाऊ नका.

झोपेशिवाय यातलं काहीच टिकत नाही. २०२२ मध्ये शिकागोत एक प्रयोग झाला. कमी झोपणाऱ्या जाड तरुण-तरुणींची झोप रोज तासाभराने वाढवली, खाण्याबद्दल काहीही सांगितलं नाही. त्यांचं खाणं आपोआप दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं. अपुऱ्या झोपेचा माणूस भुकेला असतो, आणि त्याला भाजी-भाकरी नको असते, भजी हवी असतात. मुक्कामाच्या गाडीत सलग झोप मिळत नाही हे खरं आहे. पण नऊला जेवून अकरापर्यंत मोबाइल बघणं आपल्या हातात आहे. आणि ज्यांच्या घोरण्याने विश्रांतीगृहातले बाकीचे जागे राहतात, ज्यांचा श्वास झोपेत मध्येच थांबतो असं बायको सांगते, ज्यांना सिग्नलला डुलकी लागते, त्यांनी हसण्यावारी नेऊ नये. तो आजार आहे, त्याची तपासणी होते, उपचार होतात. चालकाच्या बाबतीत तो अपघाताचं कारण ठरतो.

किती उतरवायचं? सहा महिन्यांत वजनाच्या पाच ते सात टक्के. ८८ किलोच्या माणसाने साडेचार ते सहा किलो. हा आकडा ऐकून तुमची निराशा झालेली मला दिसतेय, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला तिथूनच मागे फिरवायला एवढं पुष्कळ असतं. ते स्वारगेटचे चालक आठ महिन्यांत ८३ वर आले. साखर उतरली, आणि पायऱ्या चढताना दम लागत नाही हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

शेवटचं, ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांच्यासाठी. आज इथे ऐकलंत म्हणून उद्यापासून जेवण अर्ध्यावर आणू नका. गोळी तीच आणि जेवण निम्मं झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, समोरचं धूसर दिसतं, आणि त्या क्षणी हातात स्टिअरिंग असतं. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्या, आणि सीटशेजारी ग्लुकोजची पुडी कायम ठेवा. बाहेर बीपी आणि साखर तपासायची सोय केली आहे. ज्यांची चारची गाडी आहे त्यांनी आधी या, बाकीचे तोवर प्रश्न विचारा.