गॅरेजात बरी, रस्त्यावर आजारी

(पावसाळ्याच्या तोंडावर दापोलीत जीपवाले, टेम्पोवाले आणि आयटीआयची मुलं यांच्यासमोर केलेलं हे बोलणं, थोडं नीट करून.)

मंडळी, चार्जिंग पूर्ण बंद पडलेली, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरतच नाही अशी गाडी आली तर मला काळजी वाटत नाही, मीटर लावला की तासाभरात सापडतं. मला झोप लागू देत नाही ती गाडी जी कधी चार्ज करते आणि कधी करत नाही. गॅरेजात उभी केली की एकदम शहाणी, मालक म्हणतो अहो काल रात्री हेडलाईट मेणबत्तीसारखे झाले होते, आणि आपण मीटर लावतो तर सगळं ठीक. मग काय होतं, अंदाजाने बॅटरी बदलायची, महिन्याने परत तेच, मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा, तो खोलायचा, मग कटआउट, म्हणजे ती वीज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर, तो बदलायचा. माणसाचे पाच-दहा हजार जातात आणि दुखणं तिथंच. या गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो, कारण जुनी गाडी चालवणारा माणूस हौसेने जुनी चालवत नसतो.

एका जीपची गोष्ट सांगतो, त्यात जवळजवळ सगळंच येतं. हर्णैच्या बंदरावरून खेडला मासळी नेणारे एक काका, डिझेल जीप, पंचवीस वर्षांच्या वरची. तुम्हाला माहितीय तिथं कसं असतं, होडीतून माल बैलगाडीने किनाऱ्याला येतो, संध्याकाळी लिलाव, आणि काकांची जीप थेट ओल्या वाळूत उभी. माल भरला की अंधार पडतो, हेडलाईट लावून आसूदचा चढ, दापोली, खेड. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या, अल्टरनेटर एकदा नव्या तारा गुंडाळून भरून घेतलेला. माझ्याकडे तीनदा आली आणि तीनही वेळा सकाळी आली. सकाळी मी बॅटरीवर मीटर लावायचो, 13.9 व्होल्ट. आता 13.8 ते 14.5 च्या मधे आलं की आपण चार्जिंग ओके म्हणतो, मीही म्हटलं. चौथ्यांदा ते आले तेव्हा मी म्हटलं काका, आता गाडी ठेवू नका, मीच येतो संध्याकाळी तुमच्याबरोबर.

हेच मला आज पहिलं सांगायचंय, दुखणं ज्या वेळी होतं त्या वेळी गाडीजवळ पाहिजे. ते जमत नसेल तर गॅरेजात तीच परिस्थिती तयार करा. ड्रायव्हरला विचारा, रात्री होतं की दिवसा, गाडी थंड असताना की घाट चढून गरम झाल्यावर, पावसात, खड्ड्यात, आरपीएम कमी असताना. एक छोटी वही द्या त्याला. नाहीतर लायटरच्या सॉकेटमधे लावायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, दोन-तीनशे रुपयांत, तो लावून द्या आणि आठ दिवस फक्त आकडा बघायला सांगा. तो वायरिंगमधला थोडा लॉस धरून दाखवतो म्हणून आकडा अगदी बरोबर नसतो, पण केव्हा पडतो ते कळतं आणि आपल्याला तेच पाहिजे.

तर त्या संध्याकाळी हेडलाईट लागले, काका चढाला लागले, आणि डॅशबोर्डवरची चार्जिंगची लाईट लाल झाली, पण कशी, उदबत्तीचं टोक असतं ना तेवढीच. दिवसा उन्हात ती दिसणं शक्यच नाही. काका म्हणाले अरे ती तर नेहमीच अशी असते, पूर्ण लागत नाही म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आता ही लाईट नीट समजून घ्या, कारण निम्मं निदान तीच करून देते. त्या बल्बचं एक टोक चावीतून बॅटरीच्या प्लसकडे जातं आणि दुसरं अल्टरनेटरच्या डी प्लस नावाच्या टोकाला. चावी फिरवली की एका बाजूला 12 व्होल्ट, दुसऱ्या बाजूला जवळपास काही नाही, करंट बल्बमधून जाऊन रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, कॉईलमधे जातो, लाईट लागते. हाच करंट रोटरला थोडं चुंबकत्व देऊन अल्टरनेटरला जागं करतो. इंजिन चालू झालं, अल्टरनेटर बनवायला लागला, दोन्ही टोकांना सारखेच 14 व्होल्ट, म्हणून लाईट विझते. म्हणजे ती लाईट दोन्ही बाजू सारख्या आहेत का एवढंच सांगते. पूर्ण लागली तर अल्टरनेटर बनवतच नाही. मंद लागली तर दोन बाजूंत फरक आहे, म्हणजे आतला एखादा डायोड, एसीचं डीसी करणारा तुकडा, गेलाय किंवा अल्टरनेटर आणि बॅटरीच्या मधे कुठेतरी करंट अडतोय. आणि चावी फिरवल्यावर लागलीच नाही तर तिकडे आधी बघा, बल्ब उडालेला असला की खूप गाड्या एक रेस दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू करत नाहीत. त्या जागी एलईडी लावायची फॅशन आलीय, एलईडीतून पुरेसा करंट जात नाही, मग तोच घोळ होतो, म्हणून तिथे साधा दोन-तीन वॅटचा बल्बच राहू द्या.

काकांच्या गाडीचा अल्टरनेटर तर बरा होता. मग मी खेडला पोचल्यावर, हेडलाईट चालू, इंजिन साधारण दीड हजारावर, असा मीटर लावला. लाल टोक अल्टरनेटरच्या मोठ्या बी प्लस बोल्टवर, जिथून करंट बाहेर पडतो, काळं टोक बॅटरीच्या प्लसवर, आणि थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर, न धरता शिशाच्या खुंटावरच दाबायचं. म्हणजे प्लस ते प्लस. इथे 0.2, फार तर 0.3 व्होल्ट दिसायला पाहिजे. मला दिसले सव्वा व्होल्ट! अल्टरनेटर 14.2 बनवतोय आणि बॅटरीला पोचतायत 12.9. म्हणजे बॅटरी रोज रात्री उपाशी.

मग सकाळी का नाही सापडलं? मुलांनो, हे गणित लिहून घ्या. त्या वायरमधे 0.05 ओहम रेझिस्टन्स आला होता. सकाळी लोड नाही, वायरमधून 5 अँपिअर जातायत, 5 गुणिले 0.05, पाव व्होल्ट, 14.2 मधून गेलं की 13.9, ओके. रात्री 60 वॅटचे दोन हेडलाईट म्हणजेच 10 अँपिअर, त्यात टेललाईट, पंखा, आणि भुकेली बॅटरी ओढते ते वेगळं, 25 अँपिअर होतात, 25 गुणिले 0.05, सव्वा व्होल्ट. रेझिस्टन्स तोच, करंट पाच पट. आणि मीटर ओहमवर लावून हे कधीच सापडणार नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स याहून जास्त असतो. म्हणून करंट वाहत असतानाच ड्रॉप, म्हणजे वाटेत गेलेले व्होल्ट, मोजायचा, हेडलाईट लावल्याशिवाय चार्जिंग चेक केलं असं म्हणूच नका.

पुढे मग एकेक टप्पा मागे येत गेलो. या जीपमधे अल्टरनेटरची वायर खाली सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या, बोल्टवर येते आणि तिथून जाड केबल बॅटरीला. जाड केबल बरी होती, म्हणूनच सेल्फ झकास मारायचा आणि कोणाला वायरचा संशय आला नाही. सेल्फच्या बोल्टवर कोणीतरी आधी नवीन थिंबल पक्कडीने दाबून वर टेप गुंडाळली होती. हात लावला तर चटका. सव्वा व्होल्ट गुणिले 25 अँपिअर म्हणजे 31 वॅट, अहो आपली सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते! टेप वितळून चिकट झालेली, आत तांबं काळं-हिरवं, अर्ध्या तारा भुकटी झालेल्या.

हे आपल्याकडेच एवढं का होतं? पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच कारण आहे. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि आपल्याकडे चार महिने हवा त्याच्या वरच असते. एकदा मिठाचं पाणी टेपच्या आत शिरलं की ते वाळतच नाही, वायरच्या आतून वर वर चढत जातं. घाटावर दहा वर्षं टिकणारा जॉईंट इथे दोन पावसाळ्यांत जातो. काकांच्या जीपचं पुढचं चाक ओल्या वाळूतून निघताना बरोबर त्या सेल्फवर पाणी उडवायचं. मी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली, तशी वीतभर गेली, नवीन तुकडा घातला, थिंबल दाबून वर सोल्डर, आणि टेपच्या जागी गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. ड्रॉप 0.1. खर्च दोनशेच्या आत. आणि दीड वर्षात गेलेले पैसे त्यांनी मला तोंडी सांगितले होते ते आठवून मला वाईट वाटत राहिलं, कारण त्यातले तीन फेरे माझ्याकडचे होते.

अशीच टेस्ट मायनसच्या बाजूला पण करायची, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस खुंट, 0.2 च्या आत. ब्रॅकेट गंजलं, बोल्टखाली रंग राहिला, किंवा इंजिन ते चासिसची अर्थिंगची पट्टी कुजली तर इथे ड्रॉप येतो. आणि लक्षात ठेवा, मायनस बाजूच्या दोषाला चार्जिंग लाईट लागत नाही, कारण बल्बची दोन्ही टोकं सारखीच खाली येतात. लाईट विझलेली बघून निश्चिंत राहू नका. ही पट्टी खराब असलेल्या गाडीत एक खूण मिळते, सेल्फ मारला की अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते, करंटला दुसरा रस्ता नसतो म्हणून तो तिकडून जातो.

बाकीचे पटकन सांगतो. पावसात डबक्यातून गेल्यावर दहा मिनिटं चार्जिंग गेलं आणि परत आलं तर बेल्ट, आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झालेली असते, नुसता ताणून उपयोग नाही, बदला. खड्ड्यात येतं-जातं, आणि अल्टरनेटरवर पान्याच्या मागच्या बाजूने हलकं टकटक केलं की सुरू होतं, तर आतले कार्बन, म्हणजे रोटरला करंट पोचवणारे ब्रश, संपलेत. घाट चढून अर्ध्या तासाने जातं आणि थंड झाल्यावर येतं तर रोटरची कॉईल किंवा कटआउट, तो अल्टरनेटर गरम असतानाच तपासायचा, थंड करून बाकावर घेतलात तर तो खोटं बोलणार. डायोडसाठी मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड. आणि या सगळ्याच्या आधी बॅटरी रात्रभर ठेवून सकाळी मोजा, 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. उपाशी बॅटरीवर केलेल्या कुठल्याच टेस्टवर विश्वास ठेवता येत नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून गाडी बंद पडते का बघायची पद्धत अजून चालू आहे, जुन्या खऱ्या डायनामोच्या काळापासून आलेली. आपण अल्टरनेटरलाही डायनामोच म्हणतो म्हणून ती टिकली असेल. अल्टरनेटरवर हे करू नका. बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज क्षणभर 40-50 च्याही वर उडी मारतं, डायोड जातात, कटआउट जातो, थोडी नवी गाडी असेल तर कंप्युटर जातो. बऱ्या अल्टरनेटरला आपण आपल्या हाताने मारतो आणि बिल गिऱ्हाईकाला लावतो.

बाहेर दोन जीप आणि एक टेम्पो आणून ठेवलेत, तिघांच्याही तक्रारी "कधी कधी"च्याच आहेत. साडेसात वाजलेत, अंधार पडलाय, चार्जिंगची लाईट बघायला हीच वेळ. मीटर तीनच आहेत, तर मुलांनी आधी हातात घ्या, आणि कुणीतरी बसून हेडलाईट लावा.