दुपारी तीनच्या आत

पुण्यातलं एक आर्किटेक्ट ऑफिस. भिंतीवर नकाशे, कोपऱ्यात मॉडेल्स. आज मात्र सगळ्यांचं लक्ष महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन निविदांच्या पोर्टलवर आहे. एका नगरपरिषदेला नाट्यगृह बांधायचंय. निविदेची मुदत तीनला संपते, आणि वेळ मोजली जाते ती पोर्टलच्या घड्याळावर.

लिफाफे दोन. पहिला तांत्रिक, दुसरा आर्थिक. पहिल्यात पास झालात, तरच दुसरा उघडतो.

तांत्रिक लिफाफ्यात काय काय लागतं? आर्किटेक्चर परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र. सीएने दिलेला उलाढालीचा दाखला. १ फेब्रुवारी २०१९ पासून अशा दाखल्यांवर यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक लागतो. स्टॅम्प पेपरवरचं मुखत्यारपत्र. आणि सगळ्यात जास्त दमवणारा कागद, काम पूर्णत्वाचा दाखला. त्यावर कामाची किंमत हवी, पूर्ण झाल्याची तारीख हवी, अधिकाऱ्याचा सही-शिक्का हवा. दोन वर्षांनी मागायला जावं, तर साहेबांची बदली झालेली असते आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते. म्हणून काम संपलं की त्याच आठवड्यात दाखला मागून घ्यायचा. उत्तम इमारती उभ्या केलेली ऑफिसं या एका कागदापायी बाहेर फेकली जातात, याचं फार वाईट वाटतं.

निविदा भरायची की सोडायची, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. अटीत बसत नसू, तर तिच्यामागे टीमच्या रात्री घालवू नयेत. भरायचं ठरलं, तर शंका प्री-बिड बैठकीच्या, म्हणजे निविदा भरण्याआधीच्या शंकानिरसनाच्या बैठकीच्या आधी लेखी द्यायच्या. स्ट्रक्चरल कन्सल्टंटची फी याच रकमेत धरायची का? मंजुरीनंतर नकाशे बदलले, तर वेगळे पैसे मिळणार का? उत्तरं शुद्धिपत्रकातून येतात आणि सगळ्यांना लागू होतात. कधी त्यातूनच मुदतही बदलते. त्यामुळे पोर्टल रोज उघडून बघणं हे कुणा एकाच्या नावावर असलंच पाहिजे.

आता फी. समजा, गुणांकन ७०:३० आहे, म्हणजे तांत्रिक गुणांना ७० टक्के वजन, फीच्या गुणांना ३०. आपले तांत्रिक गुण ८५, फी ५० लाख. दुसऱ्याचे गुण ७०, फी ४० लाख. सर्वात कमी फीला १०० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात, म्हणून आपल्याला ८०. एकूण बेरीज आपली ८३.५, त्याची ७९. दहा लाख जास्त मागूनही काम आपलं! घाबरून फी पाडण्याआधी हे गणित कागदावर मांडून बघावं.

अडीच वाजलेत. दरपत्रकाची एक्सेल फाइल जशी उतरवून घेतली, तशीच, फक्त दर भरून, त्याच नावाने चढवायची. त्यात इतर फेरफार केला तर निविदा बाद होऊ शकते. डिजिटल सहीचं टोकन संगणकाला लावलेलं. कागद चढले, तरी ‘फ्रीझ’चं बटण दाबेपर्यंत निविदा सादर होत नाही. ते दाबलं, की पोचपावती येते. ती लगेच छापून घ्यायची.

पुढे तांत्रिक छाननीचा निकाल पोर्टलवरच लागतो. नाव बाद झालं असेल, तर कारण तिथे वाचायला मिळतं. या ऑफिसात ते कारण त्याच दिवशी नोंदवहीत उतरवतात, आणि जो कागद कमी पडला, तो मागणारं पत्र संध्याकाळच्या आत संबंधित खात्याकडे रवाना होतं.