पहिल्या क्रमांकाच्या हमीपलीकडे

जून लागला आहे, आंब्याचा हंगाम आटोपला आहे आणि रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, घराच्या पडवीत, उरलेल्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचून ठेवल्या आहेत. त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसलेले हे काका आंबा बागायतदार आहेत. वाशीच्या बाजारात दलाल देईल तो भाव घेण्यापेक्षा ग्राहकाला थेट पेटी पाठवावी, या विचाराने त्यांनी स्वतःचे संकेतस्थळ काढले आणि ते गुगलवर वर दिसावे म्हणून फेब्रुवारीत, पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या एका एजन्सीला काम दिले. त्या एजन्सीचा शेवटचा अहवाल आपण पडद्यावर पाहत आहोत. त्यात २० शोधशब्द आहेत आणि प्रत्येकासमोर हिरव्या रंगात पहिला क्रमांक लिहिलेला आहे. पेट्या मात्र यंदाही बहुतेक जुन्याच ग्राहकांकडे गेल्या.

अहवालातील आकडे खोटे नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. गुगलचे सर्च कन्सोल नावाचे मोफत साधन आहे. कोणता शब्द शोधल्यावर आपले संकेतस्थळ किती वेळा दिसले, त्यावर किती क्लिक झाले आणि सरासरी स्थान कितवे होते, याची मागच्या १६ महिन्यांची नोंद त्यात मिळते. काकांनी अहवालातला पहिला शोधशब्द तिथे तपासून पाहिला. तो एक शब्द नव्हताच. बागेचे नाव, गावाचे नाव, हापूस, पेटी आणि घरपोच असे सगळे एकत्र जोडलेली ती लांबलचक ओळ होती, आणि तीन महिन्यांत ती शोधली गेली तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. जिथे दुसरा कोणी स्पर्धेतच नाही, तिथे पहिला क्रमांक सहज मिळतो. पहिल्या क्रमांकाची हमी ऐकल्यावर, ती नेमक्या कोणत्या शब्दांसाठी आहे आणि ते शब्द किती माणसे शोधतात, हे विचारायचे ते यासाठीच.

गुगल जाहिरातीचे पैसे घेते आणि तो निकाल प्रायोजित असल्याचे तिथेच लिहिते. बाकीच्या निकालांमधले स्थान मात्र विकत मिळत नाही, आणि कोणत्याही एजन्सीसाठी तिथे वेगळे दार नाही. गुगल पार्टनर हे बोधचिन्ह अनेक एजन्सी अभिमानाने दाखवतात, परंतु ते जाहिरातींच्या कामासाठी दिले जाते. शोधनिकालांशी त्याचा संबंध नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

चुकीच्या मार्गाने वर गेलेले संकेतस्थळ किती वेगाने खाली येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. जे. सी. पेनी ही तिथली जुनी, मोठी किरकोळ विक्री कंपनी. सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगा शोधल्या, तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर तिचेच पान दिसत असे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की कपड्यांशी किंवा बॅगांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर या कंपनीकडे नेणारे दुवे, म्हणजे लिंक, पेरलेले होते. इतर संकेतस्थळांवरून येणारे दुवे गुगल शिफारशीसारखे धरते, म्हणून ही युक्ती. गुगलने कारवाई केली, आणि त्या बॅगांसाठी पहिल्या क्रमांकावर असलेले पान दोन तासांत ७१व्या क्रमांकावर गेले. आपल्याला याची कल्पना नव्हती असे कंपनीने सांगितले आणि आपल्या एजन्सीला काढून टाकले. पण शोधनिकालांतून घसरले ते संकेतस्थळ कंपनीचे होते. म्हणून आपल्यासाठी दुवे कुठून आणणार आणि कसे आणणार, हे एजन्सीने लेखी सांगितलेच पाहिजे. ते आमचे गुपित आहे, असे उत्तर आले तर बोलणे तिथेच थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काकांच्या बाबतीत आणखी एक चूक झाली होती, ती वेळेची. अशा कामाचा परिणाम दिसायला साधारणपणे चार महिने ते एक वर्ष लागते. एप्रिल-मे हा ज्यांचा हंगाम, त्यांनी फेब्रुवारीत काम सुरू करणे म्हणजे मोहोर गळून गेल्यावर फवारणी करण्यासारखे आहे. हे काम पावसाळ्यातच हाती घ्यायला हवे होते, आणि तसे सांगणे एजन्सीचे कर्तव्य होते.

संकेतस्थळावरचा मजकूर पाहिला तर मन खट्टू होते. हापूस फळांचा राजा आहे, तो चवीला गोड आहे, अशी कोणीही कुठेही बसून लिहावीत अशी पानामागून पाने तिथे भरली आहेत. केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या पानांना गुगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या नियमांत गैरवापर ठरवले आहे. खरे सांगण्यासारखे मात्र काकांकडे पुष्कळ आहे. अढीत आंबा किती दिवस ठेवावा, पेटी पोहोचल्यावर फळ हिरवे दिसले तर काय करावे, साका पडलेले, म्हणजे आतून खराब झालेले फळ निघाले तर बदलून मिळेल का, हे प्रश्न त्यांना दर हंगामात फोनवर विचारले जातात आणि त्यांची उत्तरे त्यांना तोंडपाठ आहेत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हेही आहेत, हे ग्राहकाला नीट समजावून सांगणारे एक पानसुद्धा या संकेतस्थळावर नाही. एजन्सीने बागेत पाऊल टाकले नव्हते. निदान तासभर फोनवर बोलून घेतले असते, तरी हे सारे तिच्या हाती आले असते.

सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो करार संपवताना. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी एजन्सीच्या ईमेलवर निघाली आणि सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणूनही तीच होती. काकांना फक्त पाहण्यापुरती परवानगी होती. ते नाव स्वतःकडे वळते करून घेण्यात पुढचे कित्येक आठवडे गेले. नोंदणी, होस्टिंग (संकेतस्थळ जिथे साठवलेले असते ती सेवा), सर्च कन्सोल आणि नकाशावरचे बिझनेस प्रोफाइल हे सारे पहिल्या दिवसापासून धंद्याच्या मालकाच्या खात्यावर असावे आणि एजन्सीला कामापुरता प्रवेश द्यावा. घर भाड्याने देताना आपण सातबारा भाडेकरूच्या नावावर करत नाही.

जुलैच्या एका पावसाळी दुपारी दुसऱ्या एका एजन्सीतल्या ताईंचा फोन आला. दराचा विषय काढण्याआधी त्यांनी विचारले, "काका, तुमची गिऱ्हाइकं आंब्याला काय म्हणून शोधतात?" काका थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मुंबईची माणसं हापूस म्हणतात, दुबईचा माणूस अल्फान्सो म्हणतो, नि माझी भाची हापूसच म्हणते, पण लिहिते इंग्रजी अक्षरांत." पलीकडून ताईंनी सांगितले, "जरा सावकाश सांगा, लिहून घेते."