फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर रखडायला लागला की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ माझ्या मावशीलाही दुकानात हेच सांगितलं आणि तिने मारून घेतला. नातवाच्या बारशाचे फोटो त्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. ते गेले. आणि तीन आठवड्यांत मशीन पुन्हा तसंच रखडू लागलं, कारण दुखणं विंडोजचं नव्हतंच. हार्ड डिस्क मरायला टेकली होती. त्या फोटोंची मला अजून हळहळ वाटते, म्हणून आज डिस्कपासूनच सुरुवात करते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. इथे घाई नको, दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. वापर 100 टक्के दिसतोय आणि वाचण्या-लिहिण्याचा वेगही भरपूर आहे, तर डिस्क खरंच कामात आहे. अपडेट उतरत असेल, अँटिव्हायरस फाइली तपासत असेल. ते उरकू द्या. पण वापर 100 टक्के, वेग मात्र सेकंदाला जेमतेम 100-200 केबी, आणि सरासरी प्रतिसादाचा आकडा 1000-2000 मिलिसेकंदांवर? धडधाकट हार्ड डिस्कला तिथे साधारण 10-20 पुरतात. हे असंच दिसत राहिलं, तर बहुतेक वेळा डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा धडपडतेय आणि तिला तिथलं वाचता येत नाहीये.

अशा वेळी दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. खराब सेक्टर शोधणारा चेकडिस्कसुद्धा नको. तो अख्खी डिस्क खरवडून वाचतो, त्यात तिचा उरलासुरला जीवही जाऊ शकतो. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा. मग नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा.

डिस्क ठणठणीत निघाली तर एकदा ‘रीस्टार्ट’ करा. ‘रोज रात्री बंद करतोच की’, असं म्हणाल. पण विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आला. तो चालू असला की ‘शट डाउन’ करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय अशा भागांना चालवणारा प्रोग्राम) तसाच अडकलेला राहतो. ‘रीस्टार्ट’मध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

सिस्टिमच्या फाइली बिघडल्याचा संशय असेल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्याच दोन दुरुस्तीच्या कमांड द्या, आधी डिझम (DISM), मग एसएफसी (SFC). डिझम विंडोजच्या फाइलींचा मूळ साठा नीट करतो, एसएफसी त्या साठ्यातून खराब फाइली बदलतो.

मशीन लोगोच्या पुढेच जात नसेल, तर पॉवर बटण दाबून धरून ते बंद करा. असं दोन-तीनदा झालं की दुरुस्तीचा पडदा येतो, तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाता येतं. मध्येच 48 आकडी रिकव्हरी की मागितली तर दचकू नका, तुमच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मशीन चालतंय तोवरच ती कागदावर उतरवून घ्या. मावशीच्या नव्या लॅपटॉपची मी तिच्या रेशनकार्डाच्या फाइलीत लावून ठेवलीय.