रिपोर्टमधली मधली ओळ

नमस्कार. पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की आपण सगळ्यात आधी खालचं इम्प्रेशन, म्हणजे निष्कर्ष वाचतो, ग्रेड वन फॅटी लिव्हर, बाकी नॉर्मल, की फाईल गेली कपाटात. पण वर मधेच कुठेतरी लिहिलेलं असतं, पॅन्क्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, गॅसमुळे नीट दिसलं नाही. मला आज त्या ओळीबद्दल बोलायचंय.

आधी लिव्हर, ते त्यामानाने सोपं. उजव्या बरगड्यांखाली असतं, साधारण १५ सेंटीमीटर, आत हवा नाही. आम्ही मोठा श्वास घेऊन धरायला सांगतो ना, ते उगाच नाही, श्वास घेतला की लिव्हर बरगड्यांच्या आडून खाली सरकतं आणि नीट दिसतं. मग लिव्हर आणि उजवी किडनी एकाच चित्रात घ्यायची. तब्येत चांगली असेल तर दोघांचा राखाडी रंग जवळजवळ सारखाच, चरबी साठली की लिव्हर पांढरट चमकतं आणि शेजारची किडनी काळी वाटायला लागते. ग्रेड टूमध्ये आतल्या शिरांच्या कडा पुसट होतात, थ्रीमध्ये मागचा भाग दिसतच नाही. ही ग्रेड डोळ्यांनी ठरवलेली असते, म्हणून एकीकडे वन आणि दुसरीकडे टू आली तर घाबरू नका. लिव्हर कडक झालंय का हे मात्र साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला कळत नाही, त्याला फायब्रोस्कॅन लागतो.

आता स्वादुपिंड. ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पडलेलं. आणि आमच्या मशीनच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत, ते गार जेल लावतो तेसुद्धा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतो ते यंत्र, आणि कातडी यांच्यामधली हवा काढायलाच. मी आधी स्प्लीनकडून, म्हणजे प्लीहेकडून येणारी शीर शोधते, काळी पट्टी दिसते, तिच्या पुढ्यातच स्वादुपिंड. डोकं, मधला भाग बऱ्याचदा सापडतो, शेपूट मात्र गॅसमागे लपतं. मग प्रोब दाबून बघायचं, कुशीवर वळवायचं, कधी दोन ग्लास पाणी पाजायचं, पाण्याने जठर भरलं की त्यातूनच मागचं दिसतं.

परवा सिन्नरहून एक ताई पहिल्या गाडीने आल्या, उपाशी आहात ना विचारलं तर हो म्हणाल्या, आणि चहा-बिस्किट झालेलं. त्यांच्या दृष्टीने ते खाणंच नाही. पण दुधाच्या चहानेही पित्ताची पिशवी आकसते, मग खडा असला तर निसटू शकतो. ६ ते ८ तास पोट रिकामं हवं, तंबाखू-सिगारेटही नको. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते, शुगरच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

माझा मामा निफाडचा, द्राक्षबागायतदार, वय ६२. ऐन हंगामात वजन उतरलं, शुगर नव्यानेच निघाली, रात्री पाठ दुखायची, सगळे म्हणाले दगदग आहे. सोनोग्राफी झाली, रिपोर्टचा फोटो मला पाठवला, मी तेव्हा शिकत होते, मीही खालच्या दोन ओळी वाचल्या आणि मामा काही नाही म्हणून फोन ठेवला. वर लिहिलेलं होतं, शेपटाचा भाग दिसलेला नाही. करणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, वाचलं आम्ही नाही. ३ महिन्यांनी सीटी झाला, गाठ शेपटातच होती, लिव्हरपर्यंत गेलेली. द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, त्याने अंगणातल्या खाटेवरून सांगून करवून घेतली.

दिसलं नाही आणि नॉर्मल आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. अर्थात ती ओळ दिसली की प्रत्येकाने सीटीला पळायचं असंही नाही, गॅस कितीतरी जणांना असतो. पण वजन उतरतंय, कावीळ आहे, दुखणं पोटातून पाठीत जातंय, पन्नाशीनंतर एकदम शुगर लागली, यातलं काही असेल तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून त्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, हे न दिसलेलं आता कशाने बघायचं?

बरं, ज्यांनी रिपोर्ट आणलेत त्यांनी काढा बाहेर. वरून वाचत येऊ.