चाळणी कोण धुणार?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या माळ्यावर एक ज्यूसर आहे, खोक्यासकट. दिवाळीत मोठ्या हौसेनं आणला. पहिले आठ दिवस गाजर, बीट, सफरचंद, हाताला लागेल ते त्यात गेलं. नवव्या दिवशी चाळणी कोणी धुवायची यावरून घरात जुंपली. त्या बारीक जाळीत गाजराचा चोथा एकदा वाळला की घासणीला दाद देत नाही. जुना टूथब्रश घेऊन नळाखाली उभं राहावं लागतं. तेव्हापासून कुणी विचारलं, "कोणता ज्यूसर घेऊ?", की मी उलट दोन प्रश्न विचारते. रस कशाचा काढणार? आणि चाळणी कोण धुणार?

पहिल्याचं खरं उत्तर बहुतेक घरांत मोसंबी किंवा संत्रं हेच असतं. त्याला विजेचं यंत्र हवंच असं नाही. हॅण्डल दाबायचा छोटा ज्यूसर काही शे रुपयांत मिळतो. जालन्याची रसरशीत मोसंबी आडवी कापा, अर्धी फोड त्यात ठेवा, हॅण्डल दाबा. धुवायला दोन-तीन भाग, संपलं. फक्त शेवटच्या थेंबासाठी जीव खाऊन दाबू नका. सालीचं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडवटपणा रसात उतरतो.

आणि सकाळी काढलेला रस दुपारी कडू का लागतो, ठाऊक आहे? मोसंबीच्या पांढऱ्या भागात आणि पापुद्र्यात एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. आंबट रसात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते मात्र चांगलंच कडू. यात फळवाल्याचा दोष नाही. रस काढला की प्यायचा, एवढंच. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलात तर वाट पाहायचीही गरज नाही, पहिल्या घोटालाच तोंड वाकडं होईल.

आता विजेचे ज्यूसर. स्वस्तातल्या, वेगानं फिरणाऱ्या ज्यूसरमध्ये तळाशी किसणी आणि भोवती जाळी असते. मिनिटाला हजारो फेरे. गर किसला जातो, जाळीवर आपटतो आणि रस बाहेर फेकला जातो. वॉशिंग मशीनचा ड्रायर ओल्या कपड्यांचं करतो तेच. गाजर, बीट, सफरचंद यांना हा उत्तम. आवाज मोठा, फेस भरपूर. पालक किंवा गव्हांकुर घातलेत तर मात्र निम्मा माल चोथ्यातच जातो.

दुसरा, ज्याला दुकानदार कोल्ड प्रेस म्हणतात. त्यात मळसूत्र असतं, खिमा करायच्या यंत्रासारखं, आणि ते मिनिटाला साधारण 40 ते 80 फेरेच घेतं. पालेभाजी, गव्हांकुर, बी काढलेला आवळा, डाळिंबाचे दाणे यांचा रस त्यातून छान निघतो. पण फोडी बारीक कराव्या लागतात, वेळ जास्त जातो आणि किंमत कितीतरी पट. "वेगानं फिरणाऱ्या ज्यूसरमध्ये जीवनसत्त्वं जळून जातात," असं दुकानात ऐकाल, त्यावर फार जाऊ नका. काही सेकंदांत रस एवढा तापत नाही. फरक पडतो तो आत मिसळणाऱ्या हवेचा. लगेच पिणार असाल तर तोही थोडाच.

महिन्यातून दोनदाच रस होणार असेल तर मिक्सर आणि गाळणी पुरे. डाळिंबाचे दाणे घाला, बटण उलटं फिरवून दोन-तीन झटके द्या आणि गाळा. जास्त फिरवलंत तर बिया दळल्या जाऊन रस तुरट होतो.

एक गोष्ट मात्र गंभीर. सकाळी दुधीचा रस पिणाऱ्यांनी आधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा. कडू लागला तर थुंकावा आणि तो दुधी टाकून द्यावा. कडू दुधीच्या रसानं माणसं अत्यवस्थ झाली आहेत, दगावलीही आहेत. साखर-मीठ घालून तो कडूपणा झाकू नका.

मधुमेह असेल तर ज्यूसर घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. पेलाभर रसाला तीन-चार मोसंब्या लागतात. सोलून खायला बसलो तर दुसऱ्या मोसंबीलाच आपण थांबतो. शिवाय तंतू चोथ्यात राहतात, साखर पेल्यात येते. जागतिक आरोग्य संघटनाही फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजते. गाजराचा चोथा तरी फेकू नका, थालिपिठाच्या पिठात मळा.

दुकानात गेलात तर ज्यूसर स्वतःच्या हातानं उघडून पाहा, नुसता चालू करून नको. जाळी सुटी मिळते का, गॅरंटी मोटरची किती आणि बाकी भागांची किती, दुरुस्ती गावात होते का, हे विचारा. झाकण नीट बसल्याशिवाय चालू होणारा ज्यूसर घेऊ नका, आणि फळ आत ढकलायला त्याचा दट्ट्याच वापरा, बोट नाही.

आमचा माळ्यावरचा ज्यूसर आता भाचा नेतोय. त्याला गाजराचा रस रोज लागतो म्हणे. खोक्यात मी टूथब्रशही ठेवून दिलाय.